देवळालीची शाळा आणि आपली यादी

इंदुराहून निघालेला मोठा रस्ता मध्य प्रदेशाची हद्द जेथे संपवतो तेथे आपले गाव आहे, आणि त्या रस्त्याला इंदूर-इच्छापूर मार्ग असेच म्हणतात. सरकारी पाटीवर गावाचे नाव ‘इच्छापुर’ असे ऱ्हस्व उकाराने लिहिलेले असते. आपल्या घरांतील जुन्या पत्रांत, लग्नपत्रिकांत आणि जमाखर्चाच्या वह्यांत ते ‘इच्छापूर’ असे दीर्घ उकाराने येते. टेकडीवरच्या इच्छादेवीला दोन्ही उकार सारखेच पोचत असावेत, आणि या भेदावाचून कोणाचे पोट अडत नाही. तरीही, ज्या राज्यात आपण राहतो त्याची भाषा एक आणि आपल्या घराची भाषा दुसरी, ही आपली स्थिती त्या एका उकारावरून कोणाही जाणत्याच्या ध्यानात यावी.

काही दिवसांपूर्वी झालेल्या एका बैठकीची आठवण येथे नोंदवणे आवश्यक वाटते. आपल्या भागातील शाळेत मराठीची एक तुकडी मागावी, अशी सूचना एका ज्येष्ठ सभासदांनी केली. मागणीला आधार होता. १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक सूत्र ठरविले होते. शाळेत अल्पसंख्य भाषेची किमान ४० मुले असतील, किंवा एका वर्गात १० असतील, तर त्यांना मातृभाषेतून शिकविण्यासाठी निदान एक शिक्षक नेमावा, असे ते सूत्र. ठराव एकमताने संमत झाला. टाळ्याही पडल्या. मग कागद पुढे घेऊन मुलांची यादी करावयास आरंभ झाला, आणि बैठकीचा नूर पालटला. शेजारच्या घरातील मुलांची नावे सर्वांनी उत्साहाने सांगितली. स्वतःच्या घरातील नावे सांगताना मात्र प्रत्येकाला काही अडचण आठवू लागली. कोणाची सून ऐकणार नव्हती, कोणाच्या नातवाची फी अगोदरच भरून झाली होती. चहा आला, कागद घडी करून ठेवला गेला, आणि यादी चाळिसापर्यंत तर नाहीच, दहापर्यंतही धड पोचली नाही.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. जो हक्क आपण एकमताने मागतो आणि एकेकट्याने टाळतो, तो हक्क आपला आहे असे कोणत्या अर्थाने म्हणावे? अल्पसंख्य भाषकांचा शाळेचा हक्क नेमका कोणाचा असतो? भाषेचा, समाजाचा, पालकांचा की मुलाचा? आणि जेथे आपली भाषा बहुसंख्यांची आहे तेथे दुसऱ्या कोणी हाच हक्क मागितला, तर आपण तो मोकळ्या मनाने देतो का? शेवटचा प्रश्न आधी घेणे बरे, कारण त्याचे उत्तर देण्याचा प्रसंग मराठी मुलखात एकदा प्रत्यक्ष आला होता.

प्रथम आपली बाजू स्पष्ट करू. आपल्यांपैकी काही घराणी १७६० नंतर, बऱ्हाणपूर निजामाकडून मराठ्यांकडे आले तेव्हा, येथे आली. काही शिंद्यांच्या अमलात आली, तर काही शेतीच्या निमित्ताने तापीच्या काठाकाठाने खानदेशातून वर सरकली. १८६० मध्ये बऱ्हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेले आणि पुढे निमाड जिल्हा मध्यप्रांतात सामील झाला. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये तेथे राजभाषेचा जो कायदा झाला, त्यात हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांना स्थान मिळाले. म्हणजे काही वर्षे तरी आपली मराठी या भूमीची राजभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बऱ्हाणपूर तहसील मध्य प्रदेशात राहिली, राजधानी भोपाळला झाली, आणि १९५७ च्या राजभाषा कायद्याने हिंदी ही या राज्याची भाषा ठरली. आपल्यांपैकी कोणी घर हलविले नव्हते. ओसरी तीच, विहीर तीच, शेताचा बांध तोच. एका रात्रीत आपण राजभाषेचे बोलणारे होतो ते भाषिक अल्पसंख्य झालो.

घटनाकारांना आणि नंतरच्या संसदेला या स्थितीची जाणीव होती, हे मान्य केले पाहिजे. घटनेच्या कलम २९ ने नागरिकांच्या कोणत्याही गटाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला. कलम ३० ने धर्मावर किंवा भाषेवर आधारलेल्या सर्व अल्पसंख्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. पुनर्रचनेच्याच वर्षी, १९५६ मध्ये, सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क जोडले गेले आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा असे सांगितले गेले. भाषिक अल्पसंख्यांसाठी एक विशेष अधिकारीही नेमण्यात आला. पुढे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही निश्चित केले, की अल्पसंख्य कोण हे देशाच्या नव्हे, राज्याच्या लोकसंख्येवरून ठरवावयाचे. त्यामुळे देशात आठ कोटींहून अधिक लोकांची भाषा असलेली मराठी इच्छापुरात अल्पसंख्य भाषा ठरते, आणि कायद्याचे छत्र आपल्या डोक्यावर येते.

हे छत्र किती भक्कम आहे याची पहिली मोठी परीक्षा मात्र आपल्यासाठी झाली नाही. ती इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी झाली, आणि तीही मराठी मुलखात. आपल्या बऱ्हाणपूर स्थानकावरून मुंबईकडे जाणारा जो लोहमार्ग आहे, त्यावर भुसावळ, मनमाड, नाशिकरोड अशी स्थानके मागे टाकली की देवळाली लागते. या लोहमार्गाशी अँग्लो-इंडियन समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. इंजिनचालक, गार्ड, तारबाबू अशा कामांवर त्यांची घरेच्या घरे होती. भुसावळची रेल्वेवस्ती पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ते वेगळे सांगावयास नको. त्यांच्या घरात इंग्रजी बोलली जाई. ती परक्या सत्तेची भाषा होती हे खरे. परंतु त्यांच्या मुलांना अंगाई त्याच भाषेत ऐकू येई, हेही तितकेच खरे. देवळालीचे बार्न्स हायस्कूल हे प्रामुख्याने या समाजाच्या मुलांसाठी निघालेले इंग्रजी माध्यमाचे विद्यालय होते. इतर समाजांतील मुलेही तेथे शिकत.

६ जानेवारी १९५४ रोजी तत्कालीन मुंबई सरकारने एक आदेश काढला. ज्यांची भाषा इंग्रजी आहे, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक, त्यांच्या मुलांखेरीज अन्य कोणालाही इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश देऊ नये, असा तो आदेश होता. हेतू वाईट नव्हता. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, देशी भाषांना ज्ञानभाषेचा मान मिळावा अशी तळमळ होती, आणि सधन घरांची मुले इंग्रजी शाळांत गेली तर मराठी, गुजराती, कानडी शाळा गरिबांपुरत्या उरतील ही भीती होती. पुढच्या सत्तर वर्षांकडे पाहिले तर ती भीती निराधार होती असे कोण म्हणेल?

शाळेची संस्था न्यायालयात गेली. तिच्याबरोबर दोन पालकही गेले. एक भारतीय ख्रिस्ती लष्करी अधिकारी होते. आपल्या घरची भाषा इंग्रजीच आहे, मग आम्ही अँग्लो-इंडियन नाही एवढ्यावरून आमच्या मुलीला दार बंद का, असा त्यांचा प्रश्न होता. दुसरे गुजराती भाषक डॉक्टर होते. त्यांच्या घरची भाषा इंग्रजी नव्हती आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. आपल्या मुलाला कोठे शिकवावे हे आपण ठरवू, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुख्य न्यायाधीश छागला यांच्या पीठाने मुंबईत आदेश रद्द ठरविला, आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांनी निकालपत्र लिहिले. सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. आदेशामागचा हेतू देशी भाषांच्या उत्कर्षाचा असला तरी नाकारण्याचे प्रत्यक्ष कारण भाषा हेच राहते, असा त्याचा आशय. आणि जतन करण्याचा व संस्था चालविण्याचा हक्क दिला म्हटल्यावर आपल्या मुलांना आपल्या भाषेतून शिकविण्याचा हक्क त्यात अंतर्भूत असलाच पाहिजे, हेही न्यायालयाने सांगितले.

या निकालातील एक बाब आम्हाला विशेष विचार करावयास लावते. घटनेच्या कलम ३३७ ने अँग्लो-इंडियन शाळांना काही वर्षे विशेष अनुदान चालू ठेवले होते, पण त्याला एक अट होती. दरवर्षीच्या प्रवेशांपैकी किमान ४० टक्के जागा इतर समाजांतील मुलांसाठी खुल्या असल्या पाहिजेत. म्हणजे घटनेने या समाजाला संरक्षण दिले तेव्हाच त्याच्या दाराला कडी लावू नका असेही बजावले. सरकारी आदेश नेमका तीच कडी लावावयास सांगत होता. न्यायालयाने ही विसंगती दाखवून दिली.

हा वाद कायद्याचा म्हणून संपला. नीतीचा म्हणून तो संपत नाही. त्या आदेशाची मूळ चूक कोठे होती? आम्हाला वाटते, त्याने भाषा रक्तावर मोजली. घटनेतील व्याख्येनुसार अँग्लो-इंडियन कोण हे बापाच्या घराण्याच्या युरोपीय वंशावरून ठरते. जनगणनेतील एखाद्या वर्गासाठी अशी व्याख्या ठीक असेल. पण मुलाने कोणत्या बाकावर बसावे हे तिच्यावरून ठरविले, की घरात बोलली जाणारी भाषा बाजूला पडते आणि वंशावळ पुढे येते. त्या लष्करी अधिकाऱ्याच्या मुलीची भाषा इंग्रजी होती, परंतु तिचे आजोबा चालले नाहीत.

असाच पेच जगात अन्यत्रही पडला आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषक बहुसंख्य आहेत, पण सगळ्या उत्तर अमेरिकेच्या इंग्रजी महासागरात ते मूठभर. १९७७ मध्ये त्या प्रांताने फ्रेंच भाषेची सनद म्हणून कायदा केला. ज्यांच्या आईचे किंवा वडिलांचे प्राथमिक शिक्षण क्वेबेकमध्येच इंग्रजीतून झाले, मुख्यत्वे त्यांच्याच मुलांना सरकारी मदतीच्या इंग्रजी शाळा खुल्या राहिल्या. १९८२ च्या कॅनडाच्या घटनेने हे दार थोडे रुंद केले आणि देशात कोठेही इंग्रजीतून शिकलेल्या नागरिक पालकांच्या मुलांना तो हक्क दिला. जेथे संख्या पुरेशी असेल तेथेच, ही अट तिथेही आहे. आपल्या चाळीस आणि दहाच्या सूत्राची ती दूरची बहीण म्हणावी. क्वेबेकच्या फ्रेंचांची काळजी आपणास सहज उमगते. पण तेथेही हक्क वारशाने चालतो, आणि ज्याला वारसा नाही त्याने निवड करावयाची नाही, हे त्याचे न सुटलेले टोक आहे.

कोणी म्हणेल, इंग्रजी आणि मराठी यांना एका पंक्तीला बसविणेच चूक. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे २ लाख ६० हजारच निघाले, हे खरे. पण संख्येने लहान असलेली ती भाषा सत्तेने केवढी थोर! तिला संरक्षण म्हणजे हत्तीला कुंपण. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. अल्पसंख्यांच्या नावाने निघालेल्या इंग्रजी शाळा बहुसंख्यांतील सधनांचे आश्रयस्थान झाल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तरीही आमचे मत असे, की शाळेचा हक्क भाषेच्या पदावरून मोजता येत नाही. भाषेला भूक लागत नाही आणि ती वर्गात रडत नाही. सहा वर्षांचे मूल रडते. भुसावळच्या रेल्वेवस्तीतील मूल आणि इच्छापूरच्या ओसरीवरील मूल, दोघेही पहिल्या दिवशी शाळेत जातात ते घरची भाषा घेऊनच. ती भाषा जगात बलाढ्य आहे की दुबळी, याची त्या मुलाला वार्ता नसते.

आणि येथे आपल्या हिताचीही एक गोष्ट आहे. देवळालीच्या शाळेला ज्या कलमाने वाचविले, त्याच कलमावर आपली मराठी तुकडीची मागणी उभी आहे. मुंबई सरकारचा तो आदेश टिकला असता, तर त्याच न्यायाने कोणत्याही राज्याला आपल्या भाषेच्या उत्कर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या वर्गांची दारे मोजून बंद करता आली असती. तापीच्या खालच्या अंगाला बहुसंख्य असताना जे आपण दुसऱ्याला नाकारू, ते वरच्या अंगाला अल्पसंख्य असताना मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहत नाही. हद्दीवरच्या माणसाला ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळावी. तो सकाळी एका बाजूला बाजार करतो आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला सोयरीक.

मग बहुसंख्यांच्या भाषेने काय करावे? तिने नुसते पाहत बसावे का? येथे २००४ चा एक निर्णय उपयोगी पडतो. मुंबईतील गुजराती भाषक अल्पसंख्यांच्या काही शाळांनी मराठी विषय सक्तीचा करण्यास हरकत घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. ज्या राज्यात आपण राहतो त्या राज्याची भाषा शिकावी, तीमुळे अल्पसंख्यांच्या हक्काला बाध येत नाही. न शिकल्याने मात्र शेजाऱ्यांशी दुरावा वाढतो, असा त्या निर्णयाचा रोख होता. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी विषय आवश्यक केला, तो याच वाटेने. १९५४ च्या आदेशात आणि या कायद्यात मोठे अंतर आहे. पहिला म्हणत होता, तू त्या वर्गात बसू नकोस. दुसरा म्हणतो, तू कोठेही बस, पण माझी भाषाही शीक. पहिल्यात माणसाला वगळणे आहे, दुसऱ्यात बोलावणे.

आपण येथे हिंदी शिकलो ते याच भावनेने. तिच्याविषयी आपल्या मनात अढी नाही, आणि ती असू नये. हिंदीने आपल्याला नोकऱ्या दिल्या, मित्र दिले, कबीर आणि तुलसीदास दिले. आपल्या घरांतल्या मुलींना सासर दिले. शेजाऱ्याची भाषा शिकणे हे शेजाऱ्याचे देणे, आणि आपली भाषा जपणे हे पूर्वजांचे देणे. दोन्ही देणी एकाच वेळी फेडता येतात, हे आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी करून दाखविले. आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे दिवसभर कचेरीत हिंदीत टिपणे लिहीत आणि रात्री कंदिलाखाली मराठीत पत्रे लिहीत. एकामुळे दुसरे बिघडले असे त्यांना कधी वाटले नाही.

आता पुन्हा त्या घडी केलेल्या कागदाकडे वळले पाहिजे. कायदा आपल्या बाजूने आहे, न्यायालय आपल्या बाजूने आहे, राज्याने उघड मनाई केलेली नाही. मग यादी का भरली नाही? याचे सोपे उत्तर ‘आपल्यात अभिमान उरला नाही’ असे देण्याची रीत आहे. ते उत्तर आम्हाला अपुरे आणि थोडेसे अन्यायाचे वाटते. केळीच्या बागेत मजुरी करणारी आई मुलाला इंग्रजी शाळेत घालते तेव्हा तिच्यापुढे अभिमानाचा प्रश्न नसतो. आपण जे सोसले ते मुलाने सोसू नये एवढेच तिला दिसते. पुढचे शिक्षण हिंदीत किंवा इंग्रजीत, परीक्षा त्या भाषांत, मराठीची पुस्तके वेळेवर मिळतील याची खात्री नाही, शिक्षक बदलून गेला तर दुसरा येईल याची त्याहून नाही. अशा स्थितीत एकट्या घराने धाडस करावे असे म्हणणे सोपे असते, विशेषतः ज्यांची नातवंडे आधीच दुसरीकडे शिकत आहेत त्यांना.

येथे कबुली दिली पाहिजे. त्या यादीत आमच्या घरचे नाव नव्हते. आमचा नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. बैठकीत आम्ही भाषण केले, कलमे सांगितली, टाळ्या घेतल्या, आणि नाव लिहिण्याची वेळ आली तेव्हा मुलाशी बोलून सांगतो असे म्हटले. मुलाशी बोलणे आजतागायत झालेले नाही. शेजाऱ्याच्या मुलाने मराठी शिकावे आणि आपल्याने पुढे जावे, ही वृत्ती आम्ही १९५४ च्या त्या आदेशात शोधली असती तर सापडली नसती. तो आदेश निदान सर्वांना सारखा लागू होता. ती सापडली ती आमच्याच बोलण्यात.

शाळा कोणती निवडावी हा अधिकार पालकांचा, हे आता वादातीत आहे. ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्या प्रकरणात घटनापीठाने सांगितले, की प्राथमिक शाळेतही मातृभाषेचे माध्यम राज्याला लादता येणार नाही. मुलाच्या वतीने ही निवड पालक करतील. देवळालीच्या निकालाच्याच दिशेचा हा निर्णय आहे, आणि आम्ही तो योग्य मानतो. आम्हा आजोबांना सुनेवर माध्यम लादता येत नाही, हेही मानतो. परंतु निवडीचा अधिकार म्हणजे काय, याचा थोडा पुढे विचार करावा. निवड करावयास दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. जी भाषा मुलाला वाचता येत नाही, जिच्यात त्याने एक गोष्टही ऐकली नाही, ती त्याने उद्या मोठे झाल्यावर निवडली नाही असे आपण कसे म्हणणार? त्याला ती कधी मिळालीच नाही. इंग्रजी न शिकलेला माणूस पंचविसाव्या वर्षीही इंग्रजीच्या वर्गाला जातो, कारण तसे वर्ग गल्लोगल्ली आहेत. आजीची मराठी पंचविसाव्या वर्षी कोणत्या वर्गात मिळेल? तोवर आजीही नसते. म्हणून मुलाच्या हक्काच्या बाजूने पाहिले, तर पालकांच्या निवडीवर एक नैतिक मर्यादा येते, आणि ती आपली आपण पाळावयाची असते. मुलाला हवे तेथे शिकवावे. पण मोठेपणी परत यावेसे वाटले तर वाट मोकळी असेल एवढे तरी त्याच्या हाती द्यावे. ती वाट म्हणजे लिहिता-वाचता येणारी मराठी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. आनंद खराच होता. पण दर्जाने वर्ग भरत नाहीत. कायद्याने दार बंद करता येऊ नये याची तजवीज देवळालीच्या निकालाने केली. त्या दारातून आत जाण्याचे काम कोणतेही न्यायालय आपल्या वतीने करू शकणार नाही. त्या शाळेचा हक्क न्यायालयात टिकला. परंतु न्यायालयाच्या आधी तिच्या बाकांवर मुले होती. मुलेच नसती तर निकालाने वाचवावयाचे काय होते?

म्हणून आमची सूचना मोठी नाही. तो कागद पुन्हा उघडावा. या वेळी प्रत्येकाने आधी आपल्या घरातील नाव लिहावे आणि मगच शेजाऱ्याकडे जावे. ज्यांना शाळेचे माध्यम बदलणे शक्य नाही, आणि बहुतेकांना ते नसेल, त्यांच्या मुलांसाठी मंडळाच्या खोलीत रविवारी दोन तास मराठी वाचन-लेखनाचा वर्ग चालवावा. निवृत्त शिक्षक आपल्यात आहेत, खोली आहे, फळा आहे. त्या वर्गाचे दारही उघडे असावे. हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याचे, उर्दू बोलणाऱ्या विणकराचे मूल येऊन बसले तर त्याला सरकून जागा द्यावी. देवळालीच्या शाळेला घातलेली अट आपण आपल्यावर आपण होऊन घालून घ्यावी. आणि या वर्गात दहा मुले वर्षभर टिकली, तर तुकडीची मागणी घेऊन कचेरीत जाताना आपल्या हातात ठरावाबरोबर हजेरीपटही असेल.

आम्ही मुलाशी बोलणार आहोत. सुनेशीही, आणि तिच्याशी आधी, कारण नातवाचा अभ्यास तीच घेते. माध्यम बदला असे सांगण्याचे धैर्य आमच्यात नाही आणि तसा अधिकारही नाही. रविवारचे दोन तास मागणार आहोत. ते मिळाले तर यादीतील पहिले नाव आमच्या घरचे असेल. मिळाले नाहीत तर पुढच्या बैठकीत आम्ही कलमे सांगणार नाही.